साठ घरांसाठी सहा नमुने पुरे

पत्र: आमच्या आडनावाचं एक कुलमंडळ आहे. नागपूर, वर्धा आणि अचलपूर अशा तीन शाखा, मिळून साठेक घरं. आडनाव ‘कर’ने संपणारं, गावावरून पडलेलं. सगळे एकाच मूळपुरुषाचे, असं लहानपणापासून ऐकत आलो. पण अचलपूरवाल्यांचं कुलदैवत वेगळं आहे आणि त्यांची वंशावळ आमच्या वंशावळीला कुठेच जुळत नाही. येत्या हिवाळ्यात नागपुरात कुलसंमेलन आहे. तरुण मंडळी म्हणतात, तिथेच सगळ्यांची डीएनए तपासणी करून टाकू, गटाने घेतली तर सूट मिळेल. दीड लाख वर्गणी जमली आहे. दोन ज्येष्ठांचा मात्र सक्त विरोध आहे, “नको ते उकरून निघेल” म्हणून. काय करावं? — सचिव, एक कुलमंडळ, नागपूर (आडनाव छापू नये ही विनंती)

उत्तर:

सचिवसाहेब, सप्रेम नमस्कार.

संमेलनात सरसकट सगळ्यांचे नमुने घेऊ नका. पैसे वाया जातील आणि हाती येईल तो आकड्यांचा ढीग कुणालाच वाचता येणार नाही. तुमच्या दोन ज्येष्ठांना विरोधक समजू नका, त्यांना समितीतच घ्या. त्यांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर पहिली लाळ गोळा होण्याआधी कागदावर लिहिलेलं असायला हवं.

तुम्हाला नेमकं विचारायचं आहे ते एवढंच: तिन्ही शाखा बापाकडून बापाकडे मागे जात एका पुरुषाला मिळतात का? याचं उत्तर फक्त वाय गुणसूत्र देतं. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं मिळतं, आपल्याकडे आडनाव चालतं त्याच वाटेने. जाहिरातीत दिसणारी ‘पूर्वजांचे प्रांत टक्क्यांत सांगणारी’ तपासणी गुणसूत्रांच्या उरलेल्या बावीस जोड्यांवर चालते. तिच्यात आई-बापाचे अंश दर पिढीला निम्मे होतात: सख्ख्या चुलत भावांत सरासरी साडेबारा टक्के, त्यांच्या मुलांमुलांत तीन टक्क्यांच्या आसपास. चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडच्या भाऊबंदांत सापडण्याजोगं काही उरेलच असं नाही. त्यात आपल्याकडे लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत, आणि मामेबहीण केलेली उदाहरणं तर घरटी सापडतील. त्यामुळे दोन अनोळखी सोयऱ्यांतही एवढा डीएनए सारखा निघतो की कंपनीचा संगणक त्यांना जवळचे चुलत ठरवून मोकळा होतो. तुमच्या प्रश्नासाठी ही तपासणी घेऊ नका. मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची, तपासणी आईच्या आईकडे जाते. आडनावाशी तिचा संबंध नाही.

आडनाव कोणत्या प्रकारचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. पाटील, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी ही हुद्द्याची नावं. गावोगावी वेगवेगळ्या घरांना मिळालेली. त्यांच्यात आडनावापुरती जुळणी शोधणं म्हणजे वर्धा रोडवरच्या सगळ्या पांढऱ्या गाड्या एकाच मालकाच्या का, असं विचारणं. तुमचं आडनाव गावावरचं आहे, म्हणजे स्थिती थोडी बरी. पण गाव सोडणाऱ्या कोणत्याही घराला नव्या ठिकाणी ते चिकटू शकतं. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या इंग्रज पुरुषांचं वाय तपासलं तेव्हा जेमतेम निम्म्यांच्या जवळपास एकसारखे निघाले. तुमच्या तीन शाखांतून एक मूळपुरुष निघाला तर उत्तम. दोन निघाले तरी तपासणी फसली असं होत नाही.

आधी कागद. ज्याची कागदावरची वंशावळ पणजोबापर्यंतही पक्की नाही, त्याचा नमुना घेऊन फायदा नाही, कारण जुळलं तर कुठे जुळलं हे सांगता येणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या बाजूने जिथवर पुरावा आहे तिथवर ठळक रेघ आणि जिथे फक्त ऐकीव आहे तिथे तुटक रेघ अशी वंशावळ काढावी. नागपूर-वर्ध्याकडे कोतवाल बुकाच्या जन्ममृत्यूच्या नकला, अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. अचलपूर वऱ्हाडातलं. १८५३ पासून तिथला कारभार इंग्रजांकडे असला तरी मुलूख निजामाचा होता आणि १९०३ पर्यंत तो मध्य प्रांतात नव्हता. तिथलं जुनं दप्तर वेगळ्या पद्धतीचं असल्यामुळे नागपूरच्या कचेरीत सापडत नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत कुळाच्या नोंदी असतात. तिथे गेल्यावर आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, नुसत्या आडनावावर वही उघडत नाही.

आता माणसं निवडा. प्रत्येक शाखेतून दोन पुरुष, म्हणजे पहिल्या फेरीला एकूण सहा. हे दोघे एकमेकांपासून जितके लांबचे तितके बरे. सख्खे भाऊ किंवा बापलेक घेतले तर दोन किटच्या पैशांत एकाच माणसाची माहिती मिळते. मूळपुरुषाच्या दोन वेगळ्या मुलांपासून उतरलेले दोन चुलत-चुलत पुरुष घ्या. ते दोघे जुळले तर त्यांच्या शाखेच्या मूळपुरुषाचं वाय काय होतं ते पक्कं होतं आणि मधली सगळी माणसं आपोआप तपासली जातात. न जुळले तर शाखेच्या आतच कुठेतरी तुटलं आहे, आणि मग इतर शाखांशी तुलना करण्याआधी तिथे तिसरा माणूस लागतो. एकेकच माणूस घेणारी मंडळं नेमकी इथे अडकतात: न जुळणं शाखेचं की त्या एका घराचं, हे त्यांना कधीच कळत नाही.

शक्यतो सगळ्यात वडीलधारा पुरुष घ्या. एक पिढी मागे म्हणजे एक बदल होण्याची संधी कमी, आणि वंशावळीत त्याचा दुवा पक्का. लेकींकडे वाय नसतं, पण एखाद्या घरात फक्त लेकीच उरल्या असतील तर त्यांचे काका, चुलतभाऊ किंवा चुलतपुतण्या चालतो. भाचा चालत नाही, त्याचं वाय त्याच्या बापाचं. ज्याचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे त्याला वगळा, त्याच्या लाळेत दात्याचा डीएनए येतो.

तपासणी किती खोल घ्यायची? वायवरच्या ठरावीक जागी एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा आला आहे हे मोजतात. त्या जागांना मार्कर म्हणतात. वंशावळीसाठी ३७ किंवा १११ मार्करचे संच वापरले जातात. अमेरिकेत ह्यूस्टनला असलेली फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी हे संच करते आणि आडनावाचा गट उघडून सगळ्यांचे निकाल एका तक्त्यात दाखवते. हिशेब असा करा: दोन शाखांचा समाईक पुरुष आठ पिढ्या मागे असेल, तर दोन्ही बाजू मिळून सोळा जन्म झाले. सोळा गुणिले ३७ म्हणजे बदल होण्याच्या ५९२ संधी. दर संधीला बदल होण्याचं प्रमाण हजारात सुमारे चार. म्हणजे दोन-तीन मार्कर वेगळे निघणं हेच स्वाभाविक. अगदी सगळे जुळले किंवा चार वेगळे आले तरी दचकू नका. ३७ ला कंपनीची आपोआपची यादी चार फरकांपर्यंतच जुळणी दाखवते. पाच फरकांचा खरा भाऊबंद त्या यादीतून गळतो, म्हणून यादीवर न थांबता गटाचा तक्ता स्वतः वाचायचा. १११ ला ही मर्यादा दहाची असते. १११ ची किंमत ३७ च्या दुपटीच्या आसपास असते. सहाही जणांचं आधी ३७ करा. शंका राहील त्यांचंच पुढे वाढवा, साठवलेला नमुना चालतो.

पितृत्व तपासणाऱ्या भारतातल्या लॅब १७, २३ किंवा २७ मार्करचा वाय संच करतात. नमुना देशाबाहेर पाठवायचा नसेल तर हा मार्ग आहे. दोन माणसं एका पुरुषवंशातली ‘नाहीत’ हे सांगायला तो पुरतो. ‘आहेत, पण किती पिढ्यांवर’ हे सांगायला तोकडा पडतो. २७ च्या प्रचलित संचात झपाट्याने बदलणारे मार्कर मुद्दाम घातलेले असतात, त्यामुळे चुलतभावांतही एखाद-दुसरा फरक दिसेल. काहीही निवडा, सहाही नमुने एकाच लॅबला, एकाच संचासाठी द्या. काही मार्कर मोजण्याची रीत लॅबनुसार वेगळी असते आणि मग नसलेला फरक दिसतो. परदेशी कंपनी असेल तर पैसे भरण्याआधी तिच्याकडून लेखी घ्या: किट नागपूरच्या पत्त्यावर येतं का, कस्टमची रक्कम कोण भरतं, नमुना परत कसा जातो. इथल्या कुरिअरलाही आधीच विचारा. जैविक नमुना म्हटलं की बरेचजण काउंटरवरूनच परत पाठवतात.

आरोग्याचा अहवाल जोडलेला संच घेऊ नका. कुलसंमेलनाच्या फायलीत कुणाच्या आजाराची शक्यता पडून राहायला नको. सिकलसेलची काळजी असेल, आणि विदर्भात ती असायलाच हवी, तर त्याची साधी रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात वेगळी करून घ्या.

आता ज्येष्ठांची शंका. न जुळण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली बहुतेक सरळ असतात: दत्तक, घरजावयाच्या मुलांनी लावलेलं आजोळचं आडनाव, पाट लागून आलेल्या बाईसोबत आलेलं आधीच्या नवऱ्याचं मूल, गावावरून दोन घरांना स्वतंत्रपणे पडलेलं एकच नाव, आणि नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल. नागपूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. तिसरे रघुजी भोसले हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र, दत्तक घेऊन गादीवर बसवलेले. वाय भोसल्यांचं नसलं तरी राजे ते भोसलेच होते. तेच १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. वंश म्हणजे केवळ रक्त नव्हे, हे या गावाने महागात पडून शिकलेलं आहे.

तरीही कधीकधी चौथ्याच पिढीत, आठवणीतल्या माणसांत, तुटलेला दुवा निघतो. तेव्हा काय करायचं हे निकालाआधी ठरवा, निकालानंतर प्रत्येक निर्णय कुणाच्या तरी विरोधात गेल्यासारखा दिसतो. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, संमेलनाच्या किमान महिनाभर आधी घरी पोचलेलं असावं. मांडवात सही मागू नका. पंगतीत बसलेल्या माणसाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. पत्रात एवढं हवं: कोणती तपासणी, कोणत्या लॅबमध्ये, निकाल आधी फक्त देणाऱ्याला कळेल, न जुळल्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय मंडळात, पुस्तिकेत किंवा व्हॉट्सॲपवर जाणार नाही, गटाच्या तक्त्यात नावाऐवजी क्रमांक, कधीही माघार घेता येईल आणि नमुना नष्ट करायला सांगता येईल, देणारा वारल्यास खात्याचा ताबा कुणाकडे. अठरा वर्षांखालचं कुणी नको. देणाऱ्याच्या सख्ख्या भावांना आणि मोठ्या मुलांनाही विचारा, कारण त्याचं वाय त्यांचंही आहे. एकाने सही केली की चार घरांची गोष्ट उघडी होते, हे बऱ्याच मंडळांच्या लक्षातच येत नाही.

हेही त्याच पानावर लिहा की या निकालाला कोर्टात, वाटणीत किंवा जात पडताळणीत काही किंमत नाही. देणाऱ्याची ओळख पटवून आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद राखून तो घेतलेला नसतो. दत्तकाचा हक्क १९५६ च्या दत्तक कायद्याने ठरतो आणि लग्नसंबंधात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानण्याचं गृहीतक कायद्यात आहे. ज्यांच्यात शेताचा वाद चालू आहे अशा दोन घरांना पहिल्या फेरीत घेऊच नका.

खाती ज्याची त्याच्या ईमेलवर उघडा, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. एकच व्यक्ती सगळ्यांची खाती एका पासवर्डने चालवते, ही हमखास होणारी चूक. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीत २०२३ साली दुसऱ्या ठिकाणांहून फुटलेले पासवर्ड वापरून शिरकाव झाला आणि सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली; २०२५ च्या मार्चमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. फॅमिली ट्री डीएनएच्या खात्यात सेटिंगमध्ये पोलिस तपासासाठी जुळणीची परवानगी वेगळी असते. ती बंद की चालू, हे देणाऱ्याने ठरवावं.

नमुना घेण्याचा दिवस. संमेलनातच घ्यायचे असतील तर सकाळी, नाश्त्याच्या आधी, मांडवापासून वेगळ्या खोलीत घ्या. सगळ्यात मोठा अडथळा खर्रा. सुपारी-तंबाखू-चुन्याचा थर गालाच्या आत बसलेला असतो, त्यात पेशी कमी आणि घाण जास्त येते. नमुना देणाऱ्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा: उठल्यापासून खर्रा, तंबाखू, चहा काही नाही, साध्या पाण्याने चार-पाच चुळा, त्यानंतर तासभर तोंडात काहीच नाही. इथे भिडस्तपणा करू नका, “आता एवढ्यातच खाल्ला” म्हणणाऱ्याला दुपारी बोलवा.

गालाचा स्वॅब असेल तर काडी गालाच्या आतून जरा दाबून, फिरवत, अर्धा ते एक मिनिट घासायची. पुष्कळजण जिभेवर फिरवून देतात, त्यात लाळच जास्त येते, पेशी कमी येतात. दुसरी काडी दुसऱ्या गालाला. कापसाला बोट लागू देऊ नका. कोरडा ठेवायचा स्वॅब असेल तर हवेत वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते, बुरशी येते आणि डीएनए तुटतो. द्रवाची कुपी असेल तर काडीचं टोक आत पडून झाकण घट्ट बसलं की झालं. तो द्रव सांडला तर पाणी घालून भरू नका. लाळेची नळी असेल तर साधारण दोन मिलीलीटर लाळ लागते, फेस सोडून. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं तोंड कोरडं असतं. गाल बाहेरून चोळा, पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. नमुने गाडीच्या डिकीत ठेवू नका. हिवाळ्यात चालून जाईल, पण दुसरी फेरी मे महिन्यात आली तर नागपूरच्या बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

चिठ्ठी आधी, नमुना नंतर. टेबलावर एका वेळी एकच माणूस आणि एकच किट. किटवरचा क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचा, देणाऱ्याने बघून सही करायची. एकाच कुळात तीन रामभाऊ आणि दोन नारायण असतात, म्हणून वहीत बापाचं आणि आजोबांचं नाव हवंच. निकाल अनपेक्षित आला की आधी ही वही उघडायची आणि त्या माणसाचा दुसरा नमुना घ्यायचा. दुसऱ्यांदाही तेच आलं तरच पुढचं बोलणं. एखादा नमुना लॅबला अपुरा वाटून परत येतो, म्हणून एक-दोन जादा किटचे पैसे धरून ठेवा. संमेलन डिसेंबरात असेल आणि बाहेरगावचे मुक्कामाला येणार असतील तर विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखा बघून घ्या, नाहीतर सीताबर्डीत खोली मिळायची नाही आणि नमुना देणारा वडीलधारा माणूस प्रवासानेच थकून येईल. त्यापेक्षा अचलपूरच्या दोघांचे नमुने त्यांच्या घरी जाऊन घेतलेले बरे.

निकाल वाचताना एका गोष्टीपासून सांभाळा. प्रत्येकाला एक हॅप्लोग्रुप, म्हणजे वायवरून ठरणारा मोठा वंशगट, मिळेल, आर-वन-ए किंवा एच असा काहीतरी. तिन्ही शाखांचा हॅप्लोग्रुप एकच आला की कुणीतरी पेढे वाटायला निघेल. थांबवा त्याला. असले मोठे गट हजारो वर्षं जुने असतात आणि भारतातल्या कितीतरी जातींत पसरलेले आहेत. गट एक असूनही मार्कर पंधरा-वीस जागी वेगळे असतील तर तुमच्या वंशावळीच्या काळातलं नातं नाही. उलट मात्र खात्रीचं आहे: गटच वेगळा निघाला, एकाचा एच आणि दुसऱ्याचा आर, तर पुरुषवंश वेगळा.

तुमच्या बाबतीत बहुधा असं दिसेल की नागपूर आणि वर्धा जुळतात आणि अचलपूर तरी जुळतं किंवा नाही. जुळलं तर वेगळं कुलदैवत हा नंतरचा बदल मानायला जागा आहे. गाव सोडलेली घरं नव्या गावचं दैवत घेतात. न जुळलं, आणि अचलपूरचे दोघे आपापसांत जुळले, तर त्या दोघांच्या समाईक पुरुषापासून खाली काही तुटलेलं नाही; शाखा मुळातच वेगळ्या घराची असेल किंवा दुवा त्याच्या आधीच दत्तकाने वगैरे बदललेला असेल, एवढाच अर्थ. अचलपूरवाल्यांना हे संमेलनात व्यासपीठावरून कळता कामा नये. आधी त्यांच्या दोघा देणाऱ्यांना भेटून सांगा आणि शाखेला काय, कसं सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. मंडळाचं सभासदत्व निकालावर अवलंबून नाही, हा ठराव नमुने घेण्याआधीच्या सभेत मंजूर करून इतिवृत्तात लिहून ठेवा. मांडायला त्या दोन ज्येष्ठांपैकीच कुणाला तरी सांगा.

दीड लाख एका फेरीत संपवू नका. पहिल्या सहा जणांचे पैसे मंडळाने भरावेत, पण पैसे भरणारा निकालाचा मालक होत नाही हे वर्गणीच्या पावतीवरच छापा. दुसऱ्या फेरीत कोण लागणार हे पहिली फेरी सांगेल: तुटलेल्या शाखेचा तिसरा माणूस, किंवा १११ पर्यंत वाढवायचे दोघे. गटसवलतीसाठी आत्ताच वीस किटची मागणी नोंदवू नका. किटला मुदत असते आणि कपाटात पडून राहिलेलं किट सवलतीत घेतलं तरी महागच पडतं. पुस्तिका छापताना ठळक आणि तुटक रेघांची वंशावळ तशीच ठेवा, आणि तपासणीचं एक वेगळं पान द्या, फक्त क्रमांकांचं.